छत्राखालचं घर

ती. मामांस,

भाच्याचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण परवापासून आमच्या ऑफिसात कोणी जमिनीवर पालथं पडलं की बाकीचेही कानांवर हात ठेवून शेजारी आडवे होतात.) तुमचा खोकला आणि मामींचे गुडघे आपापल्या जागी गप्प असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सुखरूप आहोत. हे वाक्य यावेळी सवयीने लिहिलेलं नाही.

राहतं घर विकून आमच्या शहरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचा तुमचा बेत कळला. ती जाहिरात मीही पाहिली आहे: ‘क्षेपणास्त्रविरोधी छत्राखाली निश्चिंत जगा, शिवाय दोन लिफ्ट.’ मामी घर सोडायला तयार नाहीत आणि मी त्या छत्राच्याच खात्यात नोकरीला असल्यामुळे शेवटचा शब्द माझा, असं तुम्ही दोघांनी ठरवलंत. (माझं काम म्हणजे चाचणीआधी पाहुण्यांच्या खुर्च्या आणि शत्रूचं क्षेपणास्त्र, दोन्ही वेळेवर मैदानात पोचवणं. खुर्च्यांचा त्रास जास्त.) तेव्हा छत्र खरंच चालतं का, ते ऐका.

चालतं. नक्की चालतं. फक्त शत्रूने थोडं सहकार्य करायला हवं. त्याने एकच क्षेपणास्त्र सोडावं, आदल्या आठवड्यात कळवून, नाश्त्यानंतर आणि आभाळ स्वच्छ असताना. ढग आले की आम्ही चाचणी पुढे ढकलतो. युद्धही ढकलता येईल असं साहेबांना वाटतं. एकदम पन्नास आली तर काय, किंवा एका खऱ्याबरोबर आम्हाला फसवायला वीस फुगे सोडले तर काय, असं मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं होतं. साहेब म्हणाले, “अहो, समोरचाही सुशिक्षित देश आहे, असं करेल का तो?” त्यानंतर मला फक्त खुर्च्यांबद्दल विचारतात.

सगळ्यात मोठं सहकार्य म्हणजे घंटी. शत्रू म्हणून आम्ही जे क्षेपणास्त्र सोडतो, त्याच्या पोटात साबणाच्या वडीएवढी एक डबी असते. ती वाटभर ‘मी इथे आहे, मी इथे आहे’ असे संदेश पाठवते आणि आमचं अडवणारं क्षेपणास्त्र त्या रोखाने जाऊन तिला गाठतं. लपंडावात लपणाऱ्यानेच ओरडत राहायचं, अशातला हा प्रकार. आजवरचं आमचं सगळं यश त्या डबीचं आहे.

परवा मंत्री आले होते. साहेबांना उत्साह आवरेना. त्यांनी ती डबी मागवून घेतली, पाहुण्यांना हातात घेऊन दाखवली, चालूसुद्धा करून दाखवली आणि टाळ्यांच्या गडबडीत खिशात टाकली. मग भाषणाचे कागद आणायला स्वतःच्या नव्या गाडीपर्यंत गेले, डबी सीटवर ठेवली, कागद घेतले आणि परत आले. इकडे शत्रू डबीविना, मुकाच उडाला. पाठोपाठ आमचं छत्र उडालं, वर जाऊन जरा घुटमळलं (सासरी पहिल्यांदा आलेल्या जावयासारखं) आणि मग वळलं. मामा, मी ते वळताना पाहिलं. खुर्च्यांखाली शिरणाऱ्यांत मंत्री पहिले होते. सुदैवाने गाडी मैदानाच्या पार टोकाला होती आणि आत कोणी नव्हतं. नेम मात्र असा की ड्रायव्हरच्या सीटचा मध्य साधला. शत्रूचं क्षेपणास्त्र कोणीही न अडवता, ठरल्या जागी, समुद्रात आरामात पडलं.

संध्याकाळी पत्रक निघालं: ‘छत्राने लक्ष्य अचूक भेदलं.’ यात एक अक्षर खोटं नाही, हे तुम्हीही कबूल कराल. पडलो तरी नाक वर. आता छत्राचा एक तळ आमच्या गल्लीमागच्या मैदानावर येतोय. म्हणजे शत्रूला पहिला दगड कुठे मारायचा ते आपणच दाखवून ठेवलं, आणि वरून काही पाडलंच तर त्याचे तुकडे आमच्या गच्चीवर. चेष्टा करतोय खरी, पण मामा, मला भीती वाटते. एकटंदुकटं, सांगून आलेलं आम्ही पाडू. न सांगता आलेल्यांचं मला माहीत नाही, आणि साहेबांनाही नाही. घर विकू नका. मामींचं ऐका.

तुमचा भाचा

ता. क. : घर विकू नका म्हणतो त्यात थोडा स्वार्थ आहे. मामींच्या तळघरातले बटाटे एका बाजूला सरकवले तर तिघं मावतील का? मी, ही आणि आई. आई म्हणते, “दादाला विचारायचं काय त्यात?” तरी विचारतोय.

ता. क. २ : हे पत्र टाकायला निघालो तेव्हा साहेबांनी पत्ता वाचला आणि तुमच्या गावात तळघरं असतात का, असं सहज विचारलं. मी हो म्हणून बसलो. तेव्हा चौघं धरा. गाडी उरली नसल्यामुळे ते आमच्याबरोबरच येतील.