दोन ठोके

अण्णा, आपल्या स्टेशनची घंटा उद्या परत जातेय.

घंटा कसली, तारेनं टांगलेला हातभर रुळाचा तुकडा. मीटरगेज बंद झाली, मोठी लाईन गावापासून लांबून गेली आणि तुमच्या स्टेशनला कुलूप लागलं. भंगारात निघालेला तो तुकडा तुम्ही रीतसर अर्ज करून विद्यानगरच्या या घरी आणलात. आई म्हणाली, "आता ह्याला कुठं ठेवू, देवघरात?" तुम्ही तो बाल्कनीत टांगलात, पण एकदाही वाजवला नाहीत. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की दोन ठोके, एरवी नाही, हा तुमचा नियम. मी आठ वर्षांची असताना भर दुपारी गाडी नसताना दोन ठोके दिले होते. लिंबाखालची माणसं गाठोडी उचलून धावली, एक म्हातारी अर्धी भाकरी टाकून उठली. तुम्ही ऑफिसातून बाहेर आलात. मारलं नाहीत. "ह्या ठोक्यावर माणसं जेवण सोडून उठतात. गाडी नसताना पुन्हा हात लावायचा नाही," एवढंच म्हणालात, आणि माझ्याच हातून म्हातारीला घरची ताजी भाकरी पाठवलीत.

मागच्या आठवड्यात तिथल्या शाळेच्या बाई आल्या. स्टेशनावर आता नवं छप्पर आहे, मुसाफिरखान्यात दोन वर्ग भरतात, आणि तुमच्या तिकिटाच्या खिडकीतून मुलांना पुस्तकं मिळतात. त्यांना घंटा हवी होती. मी आडमुठेपणा केला, म्हटलं, गाडीशिवाय ती वाजवायची नाही, तसा अण्णांना शब्द दिलाय. बाई म्हणाल्या, "गाडी न्हाई येत काकू, पण घंटा ऐकून लेकरं तर पळत येतील की." मी हो म्हटलं, आणि मला फार बरं वाटलं.

आज गोणपाटात गुंडाळण्याआधी मी दोन ठोके दिले. शेजारच्या खाला बाल्कनीत आल्या, "क्या बज रा जी?" मी म्हटलं, "कुछ नै, गाडी आ री." त्या हसत आत गेल्या.

तुम्ही गेलात तिथं पत्र पोचवणारी पेटी नाही, म्हणून सांगते. त्या दुपारी मी खेळता खेळता वाजवली असं म्हणाले, ते खोटं होतं. तुम्ही सकाळपासून दिसला नव्हतात, आणि ठोके पडले की तुम्ही टोपी घालून बाहेर येता, हे मला ठाऊक होतं. आजही वाजवल्यावर मी दाराकडे बघितलं.