लाल धाग्याचा वाल

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. पण बांधावर वाकून वालाच्या शेंगा चाचपणारी तुमची पाठ अजून तशीच दिसते. सासू म्हणून तुम्ही फार कडक होतात. हे तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती, म्हणून आता सांगते.

छत्तीस साल असेल, नाहीतर सदतीस. येवल्याजवळचं आपलं शेत आणि पिढ्यान्‌पिढ्या बांधावर होणारा तो वाल. यायचा भरपूर, पण कडू. नाशकात शेतकी प्रदर्शन भरलं होतं, तिथे तुम्ही ऐकून आलात की सगळं बी एकत्र कालवू नये, एकेका चांगल्या वेलाचं वेगळं ठेवावं आणि तेच वाढवावं. तेव्हापासून तुम्हाला त्याचंच वेड. विणकरांकडून रंगीत धाग्यांचे तुकडे आणून वेलांना बांधायचात, आणि त्या वेलाची शेंग कुणी तोडली तर त्याची खैर नसायची. तीन वर्षांत लवकर येणारे, भरल्या शेंगांचे बारा वेल तुम्ही निवडलेत. राहिला होता कडवटपणा. तो चाखूनच कळणार, आणि उभी हयात मिश्री लावून तुमची जीभ तर मेलेली. घरातले पुरुष ताटात पडेल ते गिळणारे. मग राहिले मी.

माघातला दिवस आहे. धाकट्या बहिणीची सुपारी फुटायची आहे म्हणून भाऊ बैलगाडी घेऊन मला न्यायला आलाय, आणि तुम्ही त्याला भाकरी वाढता वाढता सांगताय की वाल चाखून होईपर्यंत सून हलणार नाही. गाडी रिकामी परत गेली. मी चुलीपुढे बसले, त्या त्या वेलाच्या धाग्यानं बांधलेल्या बारा पुरचुंड्यांतले मूठमूठ दाणे वेगवेगळे शिजवले आणि एकही तोंडात न घालता सगळे कोंबड्यांना टाकले. तुम्ही आत आलात तेव्हा लाल धाग्याची पुरचुंडी पुढे सरकवली. हा गोड आहे, म्हटलं. तुम्ही खुशीनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवलात. तो मात्र मी खाल्ला.

राग उतरला आणि भीती बसली. पुढच्याच महिन्यात मला दिवस गेल्याचं कळलं, भाद्रपदात मुलगा झाला. पाऊस सरताना तुम्ही लाल धाग्याचंच बी सगळ्या बांधावर टोकलंत. घरात बारशाची गडबड, आणि माझं लक्ष त्या वेलांवर. वाल कडू निघाला तर तुमची तीन वर्षं मातीत जाणार होती, तीही माझ्यामुळे.

नव्या वालाची पहिली उसळ झाली. मामंजींनी एक घास घेतला आणि वाटी बाजूला सारली. कडूजहर. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलाला मांडीवर घट्ट धरून मी कायमचं माहेरी जायची तयारी मनातल्या मनात करून टाकली. तुम्ही उठलात, उतरंडीतलं खालचं मडकं काढलंत आणि राखेतून उरलेल्या अकरा पुरचुंड्या एकेक करून बाहेर ठेवल्यात.

"तिला कुणी बोलायचं नाय," तुम्ही म्हणालात. "चूक माझी हाय. पोटुशी बाईच्या जिभेवर मी इसंबले. तिच्या तोंडाला तवा काय चव असणार? आन् बी कुठं गेलंय? हे काय, हाय की."

दुसऱ्या दिवशी मी अकराही पुरचुंड्यांतले दाणे शिजवून प्रामाणिकपणे चाखले. निळ्या धाग्याचा गोड निघाला. आज गावात अर्ध्या घरांत तोच शिजतो.

हे पत्र मी कुठे टाकणार? पिठाच्या डब्याखाली राहील. पण एक सांगायचं राहिलं. तुम्ही दोष अंगावर घेतलात तेव्हा मी पदर तोंडावर ओढला आणि माझे खांदे हलायला लागले. सून रडतेय असं वाटून तुम्ही किती वेळ माझी पाठ थोपटत बसलात. आत्याबाई, मी रडत नव्हते. सुटले म्हणून हसत होते.