अस्तर केवढं हवं?

मंगळवार, ९ डिसेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, तूही असशील, गुडघा सोडून. औषध घेतोस ना? की बाटली नुसती खिडकीत शोभेला ठेवली आहेस?

फोन केला नाही म्हणून तू फणफणत असशील. मुद्दामच केला नाही. माझा आवाज ऐकलास की माझं वाक्य तूच पुरं करतोस, आणि बहुतेक वेळा बरोबर करतोस, म्हणून जास्तच राग येतो. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. तेवढंच सुख.

तर भिंगरी तुझी बायको झाली तरी तिची आणि माझी जोडी शाळेत होती तशीच आहे. बसमध्ये खिडकीवरून भांडण, उतरल्यावर कोणाची पिशवी जड यावरून भांडण. गेल्या हिवाळ्यात ती तुझं घर सोडून भाड्याच्या खोलीत राहायला गेली तेव्हा मी धसकाच घेतला होता. वाटलं, आता भाऊ धरायचा की मैत्रीण? पण तिने मला तसं कधी विचारलं नाही. उलट या वेळी तिनेच फोन केला. म्हणाली, "चल गं, आठवडाभर परगावी कापडाच्या दुकानांतून हिंडू. मला गोधडी पुरी करायची आहे."

आणि निघताना तू बस स्टँडवर मला कोपऱ्यात घेऊन कामाला लावलंस. ती परत येणार का, एवढं काढून घे म्हणालास. सरळ विचारू नकोस, आडून आडून बघ. बघते आहे बाबा. बघून बघून डोक्याचा भुगा झाला आहे.

गोधडीचा वरचा भाग तिने तुकडे जोडून तयार केला आहे. पहिल्यांदा पिशवीतून काढला तेव्हा मी उडालेच. अरे, तुझे सदरे! तो निळा चौकड्यांचा, ज्याची कॉलर तू कुरतडून ठेवली होतीस, तो सरळ मधोमध. बैठकीतले जुने पडदे आहेत. माझा शाळेतला फ्रॉकसुद्धा आहे, तो तिच्याकडे कसा गेला देव जाणे. आता खालचं अस्तर घ्यायचं, भोवती पट्टी जोडायची, मध्ये कापूस घालायचा आणि धावदोरा मारायचा. मी म्हटलं, झालंच की मग!

कसलं होतंय. पहिल्या दुकानात छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले. दुकानदाराने हसून विचारलं, "पलंग सिंगल की डबल?" कारण अस्तर किती फाडायचं आणि भोवतीची पट्टी केवढी रुंद ते त्यावर ठरतं. बरोबर आहे ना? साधा प्रश्न. भिंगरीने हातातलं कापड नीट घडी करून ठेवलं, "बघते" म्हणाली आणि बाहेर. दुसऱ्या दुकानातही तेच. तिसऱ्यात तर तिने मापाची टेप स्वतःच हातात घेतली, बराच वेळ नुसती धरून उभी राहिली आणि परत ठेवली.

आता यातून मी काय समजू? सिंगल म्हणत नाही, म्हणजे तुझ्यासाठी आशा आहे. डबल म्हणत नाही, म्हणजे नाही. की दोन्ही? तू हुशार ना, तू सांग.

तुझी
धाकटी


गुरुवार, ११ डिसेंबर

प्रिय दादा,

काल तुझे चार मेसेज आले. "काय म्हणाली?" "विचारलंस?" "सरळ विचारू नकोस हं." आणि नुसतंच एक प्रश्नचिन्ह. अरे, दम काढ जरा.

माझ्याकडे बातम्या आहेत, पण त्या एकमेकींशी भांडतात. काल तिने एका कापडावर गाल घासून पाहिला आणि म्हणाली, "नको, खरखरीत आहे, त्याला अंगाला टोचतं." त्याला! मी टुणकन उडीच मारणार होते. जेवताना तुझ्या गुडघ्याची चौकशी केली. मी सांगितलं, की जिना उतरताना तू सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल इतका कण्हतोस. ती खूप हसली, मग एकदम मीठ मागितलं.

पण दुसरीकडे बघ. तोंडात सारखं "माझी खोली". माझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं, माझ्या खोलीत रेडिओ वाटेल तेवढा मोठा लावते. चेहरा असा खुलतो, की मला वाटतं हिला तिथून कोणी क्रेनने उचललं तरी हलायची नाही. मी आडून आडून म्हटलं, "एकटीला खायला उठत नाही का घर?" तर म्हणे, "उठतं कधी कधी. मग मी त्याला म्हणते, बस खाली." आता हे हो आहे की नाही?

दादा, मला एक कळत नाही. तुम्ही दोघं कधी भांडला नाहीत. तू हात उगारणारा नाहीस, पिणारा नाहीस, घरात कशाची कमी नव्हती. मी तिला अजून कधी विचारलं नाही, का गेलीस म्हणून, कारण ती तुझ्याबद्दल काही वाईट बोलली असती तर मला ऐकवलं नसतं. आणि तिचं खोटं आहे असं म्हणणंही जमलं नसतं. म्हणून आपली कापडं बघत हिंडते आहे. आतापर्यंत माझ्या डोळ्यांसमोरून इतके ठिपके, पट्ट्या आणि फुलं गेली आहेत की भिंतीकडे पाहिलं तरी नक्षी दिसते.

तरी माझं मन म्हणतं, येईल. नुसता धीर होत नाहीये तिला. कोणीतरी थोडा धक्का द्यायला हवा, बस्स.

तुझी
धाकटी


शनिवार, १३ डिसेंबर

दादा,

मी घोळ घातला आहे. सगळा सांगते, मध्ये थांबवू नकोस.

काल शेवटच्या दुकानात गेलो. चालवणाऱ्या बाईंना जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात नाडीने कात्री अडकवलेली. भिंगरीने एक कापड काढलं, राखाडी, त्यावर बारीक पांढरी पानं. पाहिल्याबरोबर कळलं, हेच. तिने ते गालाला लावलं, उजेडात धरलं, त्या सदऱ्याच्या तुकड्याशेजारी ठेवलं. बाईंनी विचारलं, "पलंग सिंगल की डबल?"

भिंगरी कापडावर हात फिरवतेय. मागे गिऱ्हाईकं ताटकळलेली, एक जण घसा खाकरतोय. बाई कात्री हातात घेऊन वाट बघताहेत. भिंगरीने तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं रे. आणि मी म्हटलं, "डबल! डबल द्या हो."

बाईंनी कात्री चालवली. देवाशपथ, तो आवाज ऐकून मला कोण आनंद झाला! वाटलं, घ्या, मिटलं एकदाचं. फाडलेलं कापड कोणी परत घेत नाही.

भिंगरीने पैसे दिले, पुडकं घेतलं, बाहेर येऊन पायरीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "अगं, डबलच हवं होतं ना तुला?"

"असेलही," ती म्हणाली. "आता कसं कळणार?"

"म्हणजे?"

"मी काय म्हटलं असतं ते मलाही माहीत नव्हतं. तेच बघायला मी दुकानं हिंडत होते. आज तोंडातून काहीतरी निघणार होतं. तू बोलून मोकळी झालीस."

मी म्हटलं, माफ कर, मला वाटलं तुला मदत होईल. तर म्हणाली, "तुझ्या दादालाही तसंच वाटायचं."

मग ती बोलत राहिली, रस्त्याकडे बघत, अजिबात न रागावता. पाहुण्यांनी तिला चहा विचारला की तू म्हणायचास, ती घेत नाही. बाहेर जायचं निघालं की तू म्हणायचास, तिला गर्दी सोसत नाही. "डॉक्टरांनी मला विचारलं कुठे दुखतंय, तर उत्तर त्याने दिलं. आणि बरोबर दिलं गं! दर वेळी बरोबर. मी भांडू तरी कशावरून? पण एके दिवशी भाजीवाल्याने विचारलं काय देऊ, आणि मी मागे वळून बघितलं, तो आहे का. तो नव्हता. मला सांगताच येईना. रिकामी पिशवी घेऊन घरी आले."

दादा, मी तिथे होते. त्या चहाच्या वेळी, त्या गर्दीच्या वेळी. मला ते प्रेम वाटायचं. अजूनही वाटतं. तेच मला कळेनासं झालं आहे, की प्रेमच असेल तर तिला असं का व्हावं? आणि नसेल तर तू दर वेळी बरोबर कसा असायचास? मला तुझा राग येत नाही आणि तिला चूक म्हणवत नाही. रडू मात्र आलं, भर रस्त्यात. तीच मला रुमाल शोधून देत बसली.

मग मी तुझी आज्ञा मोडली. सरळ विचारलं, "परत येणार का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "हे तुला विचारायचं आहे की त्याला?"

"त्याला."

"मग त्याचा प्रश्न तू का विचारतेस?"

मी तिचा रुमाल घडी करून परत दिला.

आज दुपारी लॉजवरच्या खोलीत तिने ते अस्तर जमिनीवर पसरलं आणि मधोमध कापलं. मी किंचाळलेच. ती म्हणाली, "एक माझ्या पलंगाला. दुसऱ्याचं अजून ठरलेलं नाही." मी विचारणार होते, म्हणजे दादासाठी का? ओठ चावला. आयुष्यात पहिल्यांदाच ओठ चावला असेल मी. आत्ता ती खिडकीशी बसून पट्टी जोडते आहे, आणि माझ्याकडे तुला कळवायला काहीही नाही. ना हो, ना नाही. मला तिचं मन ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी आता ते मी लिहिलं नसतं.

आम्ही मंगळवारपर्यंत इथे आहोत, म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे. पाकिटाच्या मागे लॉजचा पत्ता आहे. यायचं तर ये, तिला मी सांगून ठेवलं आहे की तू कदाचित येशील. ती "बरं" म्हणाली. त्याचा अर्थ मला विचारू नकोस.

आलास की मी बाहेर फिरायला जाईन. तू समोर बस, जे विचारायचं ते स्वतः विचार, आणि मग तोंड मिटून घे. तिला वेळ लागतो. चहा गार होईल, तुझा जीव वरखाली होईल, उत्तर तुझ्या जिभेवर येऊन बसेल. ते बरोबरही असेल. तरी बोलू नकोस.

यापुढे तुमच्या दोघांचे निरोप न पोहोचवणारी,
तुझीच, आणि तिचीही,
धाकटी