चार मिनिटं बारा सेकंदांवरचा खोकला

३ ऑगस्ट, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे. येत्या २१ सप्टेंबरला 'लोखंडी जिना' या बँडच्या 'गंज' या अल्बमला पंचवीस वर्षं होतात. तो पहिल्या दिवसापासून समजलेला माणूस आमच्या वर्तुळात एकच होता, तो म्हणजे मी. उद्या कुणी इतिहास लिहायला घेतला तर कागद तयार हवेत. तरी ही वही खाजगी आहे, कुणीही वाचू नये. घरात कुणी नाही, पण नियम तो नियम.

पार्श्वभूमी: 'लोखंडी जिना'चे पहिले दोन अल्बम सगळ्यांना तोंडपाठ. तिसऱ्यात, म्हणजे 'गंज'मध्ये, गाणी फक्त तीन. बाकी लिफ्टची घरघर, पत्रा ओढल्याचा आवाज, आणि बाजू दोनवर 'रिकामा मजला' नावाचा नऊ मिनिटांचा ट्रॅक. चाहत्यांनी कपाळावर हात मारले. सहा महिन्यांत कंपनीने माल परत घेतला. आमच्या फॅन क्लबात सात जण होते. सहा विरुद्ध एक झालं.

संकल्प: वर्धापनदिनी माझ्या घरी पूर्ण अल्बमचं सामूहिक श्रवण. जुन्या सहाही जणांना बोलवायचं. लांब्यालासुद्धा. त्याला बोलावणं म्हणजे माफी मागायची संधी देणं.

४ ऑगस्ट
दवाखान्यात गर्दी. (मी कानाच्या दवाखान्यात ऑडिओमेट्री करतो. पेशंटला काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक बीप सोडायची. ऐकू आली की त्याने बटण दाबायचं.) एक आजोबा बीप नसतानाही दाबत होते. असे बरेच असतात. ऐकू यावं अशी फार इच्छा असली की येतंच. आम्ही फॉर्मवर लिहितो, 'विश्वासार्हता कमी'.

माझे स्वतःचे कान उत्तम आहेत.

६ ऑगस्ट, संध्याकाळी
'रिकामा मजला' ऐकला. कॅसेट जपायची म्हणून आठवड्यातून एकदाच ऐकायची असं ठरवलंय. हा या आठवड्यातला चौथा एकदा.

चार मिनिटं नुसती घरघर. मग बरोबर चार मिनिटं बारा सेकंदांनी एक माणूस खोकतो. दोनदा. दाबून, संकोचाने. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग परत घरघर. बस. अख्ख्या रॉक संगीतात इतका एकटा आवाज दुसरा नाही. अंगावर काटा येतो. पंचवीस वर्षं येतोय.

यावर मी तेव्हा क्लबच्या झेरॉक्स अंकासाठी अकरा पानी लेख लिहिला होता. 'एक खोकला: काही निरीक्षणं'.

९ ऑगस्ट, रविवार
ताईचा फोन. दर रविवारी असतो. जेवतोस का, फिरायला जातोस का, कुणाशी बोलतोस का. म्हटलं, दिवसाला वीस माणसांशी बोलतो. ती म्हणाली की बटण दाबा एवढंच बोलतोस. मोठी बहीण, काय बोलणार.

तिला श्रवणाचा बेत सांगितला. लांब्या येणार आहे का, असं तिने दोनदा विचारलं. तिला तो आवडायचा. घरी आला की दाराच्या चौकटीला डोकं आपटून घ्यायचा आणि तिच्याकडून चहा उकळायचा. म्हटलं, ते त्याच्यावर आहे.

१० ऑगस्ट
लांब्याशी काय झालं ते एकदा नोंदवून ठेवतो. तटस्थपणे.

माझा लेख पहिला त्याने वाचला. झेरॉक्सच्या दुकानाच्या पायऱ्यांवर. वाचता वाचता हसायला लागला. सहा फूट दोन इंच माणूस पोट धरून पायरीवर बसला. मग डोळे पुसत म्हणायला लागला की अरे, तो खोकला... मी पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, तुला कान नाहीत, नुसती उंची आहे. तो पायरीवरून उठला आणि निघून गेला. नंतर नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला. लग्नाची पत्रिका पाठवली, पण आत माफीचा उल्लेख नव्हता. मी गेलो नाही.

यात माझी चूक शोधून सापडत नाही.

१७ ऑगस्ट
निमंत्रणाचा मजकूर तयार. सोळावा खर्डा. सोबत नियमावली: मोबाइल बंद, बोलणं नाही, हसणं नाही, खोकणं तर नाहीच (तुलना होईल).

२० ऑगस्ट
आनंदाची बातमी! कंपनी पंचवीस वर्षांनिमित्त 'गंज'ची रेकॉर्ड पुन्हा काढते आहे. मूळ टेपवरून, स्वच्छ करून. मागवली. मूळ रेकॉर्ड मी कधीच ऐकलेली नाही. माझ्याकडची कॅसेट लांब्याने भरून दिलेली. मोबाइलवर ऐकता येतं म्हणे, पण मोबाइलवर संगीत ऐकणं म्हणजे चमच्याने आंघोळ करणं.

२९ ऑगस्ट
रेकॉर्ड आली. उघडणार नाही. २१ तारखेला सगळ्यांसमोर उघडेन. मनोनिग्रह.

२९ ऑगस्ट, दुपारी
फक्त बाहेरचं प्लास्टिक काढलं.

५ सप्टेंबर
उत्तरं. एक परदेशात. एकाच्या मुलीची परीक्षा. एकाने अंगठ्याचं चित्र पाठवलं, त्यातून काहीच कळत नाही. एकाने विचारलं की कोण आपण? गुरुजी येतो म्हणाला. (गुरुजी म्हणजे आमच्यातला हौशी ड्रमर. क्लबमध्ये सगळ्यांत जास्त दंगा त्याचा होता. आता शाळेत मुख्याध्यापक झालाय, म्हणून गुरुजी.) लांब्याचं काही नाही. गुरुजीच्या मोबाइलवर दोन निळ्या खुणा मात्र दिसतात म्हणे. वाचलंय. शब्द जुळवत असेल.

१२ सप्टेंबर
बसायची सोय. घरात खुर्च्या दोन. डॉक्टरीणबाईंना विचारून दवाखान्यातला जुना वेटिंगचा बाक आणायचं ठरवलं, चार सीट जोडलेला. त्या म्हणाल्या, कायमचा घेऊन जा, उपकार होतील.

१३ सप्टेंबर
बाक दारातून आत जात नाही. उभा, आडवा, तिरका, सगळं करून पाहिलं. जिन्यात ठेवलाय. खालच्या काकू त्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधतात आणि मला दुवा देतात.

हरकत नाही. आठ वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हाही याच दारातून कपाट निघेना. शेवटी तिने ते सोडून दिलं. या घरात माझ्याशी बोलायला कुणी नाही, असं ती जाताना म्हणाली म्हणे. मला ते नंतर ताईकडून कळलं. त्या वेळी मी हेडफोन लावून होतो.

२१ सप्टेंबर, सकाळी ६.४०
आज तो दिवस. फरशी पुसली. लांब्यासाठी खिडकीजवळची खुर्ची ठेवली आहे, पाय लांब करता येतात तिथे. तो माफी मागेल तेव्हा मी काय बोलायचं तेही ठरवलंय. 'अरे, सोड ना.' मोठ्या मनाने. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा 'अरे' म्हणून आरसाच पुसायला घेतला, धुळीमुळे.

२१ सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०
उपस्थिती: गुरुजी. चार वाजता आला, गुडघ्याला पट्टा बांधून. साडेचारपर्यंत थांबलो. लांब्याच्या खुर्चीवर गुरुजीने पाय ठेवला. डॉक्टरांनी वर ठेवायला सांगितलाय म्हणाला.

बाजू एक चांगली झाली. गुरुजीला थोडी डुलकी लागली, पण तो चिंतन म्हणाला.

बाजू दोन, 'रिकामा मजला'. मी घड्याळ धरून बसलो. चार मिनिटं दहा. अकरा. बारा.

घरघर.

तेरा. चौदा. घरघर. खोकला नाही. खुर्ची नाही. नऊ मिनिटं नुसती लिफ्ट. मी गुरुजीला म्हटलं की हळू होता, पण होता, मला आला ऐकू. तो म्हणाला, मला नाही आला. सुई मागे घेऊन चार वेळा लावलं. चौथ्या वेळी तो म्हणाला की आता घरी गेलं पाहिजे, गुडघा आखडतोय. जाताना जिन्यातल्या बाकावर बराच वेळ बसून होता. वर बघत होता.

निष्कर्ष: रेकॉर्ड सदोष आहे.

२२ सप्टेंबर
कंपनीला ईमेल. स्वच्छ करण्याच्या नादात तुम्ही अल्बमचा आत्माच पुसून काढलात, असं खडसावलं. खोकला परत बसवावा. लेखाची अकरा पानं जोडली.

आणखी एक गोष्ट, फक्त इथे. खोकला सोडून बाकीचा अल्बम काल पहिल्यांदाच नीट ऐकला. कंटाळवाणा आहे. लिफ्ट म्हणजे लिफ्टच आहे हो.

वरचं वाक्य थकव्यात लिहिलं गेलं, ग्राह्य धरू नये.

२६ सप्टेंबर
कंपनीचं उत्तर, फारच सभ्य. मूळ टेप तपासली, त्या जागी खोकला आढळत नाही, कधीच नव्हता. लेख आवडला.

दबाव असणार वरून.

२७ सप्टेंबर, रविवार
ताईचा फोन झाला. पाठोपाठ गुरुजीचा. सहा दिवस सांगू की नको करत होतो म्हणाला.

सांगितलं ते असं. रेकॉर्ड लांब्याच्या थोरल्या भावाची होती. भावाने एका दुपारपुरती दिली. लांब्याकडे जोडायची वायर नव्हती, म्हणून टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर ठेवून त्याने माझ्यासाठी कॅसेट भरली. त्या आठवड्यात त्याला सडकून खोकला झाला होता. कॅसेटमध्ये येऊ नये म्हणून तोंडात रुमाल कोंबून, न हलता, पन्नास मिनिटं खुर्चीत बसून राहिला. एकदाच सुटला.

मी विचारलं, कुणाकुणाला माहीत होतं? गुरुजी म्हणाला, सगळ्यांना. मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाला, लांब्यानेच बजावलं होतं. म्हणाला होता की त्याला फार आवडलंय ते, राहू दे त्याचं त्याला.

२८ सप्टेंबर
रजा टाकली. घसा.

२९ सप्टेंबर
दवाखान्यात एक बाई बीप नसताना बटण दाबत होत्या. फॉर्मवर रकाना आला तेव्हा 'विश्वासार्हता चांगली' लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी बोलावून विचारलं. म्हटलं, नजरचूक.

संकल्प: लांब्याला फोन करायचा. नंबर तोच आहे, गुरुजीने खात्री केली. मेसेज वाचून लांब्या येणार होता म्हणे. मग म्हणाला की मी आलो तर त्याला वाटेल हसायला आलोय.

१ ऑक्टोबर
फोन केला नाही. भाषणाचे मुद्दे काढतोय. लेखाचा मूळ सिद्धांत तसा बाधित होत नाही, हा पहिला मुद्दा.

२ ऑक्टोबर
पहिला मुद्दा काढून टाकला. आता एकच उरलाय आणि तो नीट लिहिता येत नाही. त्याची आठवण येते एवढाच आहे.

३ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळी ५.१५
केला फोन. दवाखान्यातल्या फोनवरून नव्हे, माझ्याच मोबाइलवरून. घाबरण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या रिंगला उचलला. हॅलो म्हणाला. आवाज जाड झालाय. मी श्वास घेतला. तो परत हॅलो म्हणाला, कोण बोलतंय म्हणाला. मी कागद शोधत होतो. मग तो खोकला. दोनदा. दाबून, संकोचाने. पलीकडे खुर्ची सरकली.

मी फोन ठेवून दिला.

कारण: नेटवर्क.

३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.२०
मन स्थिर करायला कॅसेट लावली होती. हेडफोनवर, साडेपाच ते सात. चार मिनिटं बारा सेकंदांना अंगठा आपोआप दाबला गेला, हातात बटण नसताना.

हेडफोन काढले तर मोबाइलवर तीन मिस्ड कॉल. लांब्याचा नंबर. खाली मेसेज: 'आपण कोण? आवाज आला नाही. कृपया पुन्हा फोन करा.'

आपण म्हणतो मला. कृपया म्हणतो. माझा नंबरही नाही त्याच्याकडे. त्याचं निमंत्रण गुरुजीच्या मोबाइलवरून गेलं होतं, शिष्टाचार म्हणून.

आता सात वीस. जेवायला बसले असतील. जेवताना माणसाला उठवू नये. उद्या रविवार, ताईचा फोन असतो, लाइन मोकळी ठेवली पाहिजे. सोमवारी दवाखान्यात गर्दी.

मंगळवारी करतो. खिडकीजवळची खुर्ची तोवर आहे तिथेच राहू दे.