दोन बर्थची केबिन

रविवार, ३ नोव्हेंबर १९६८

निश्चय झाला. कोकण बोटीने गोव्याला जायचे. मी आणि बजरंग. डिसेंबरचा पहिला आठवडा. दोन बर्थची केबिन.

कारण : समुद्राची हवा. लोणावळ्याच्या पार्सल ऑफिसात अकरा वर्षे दुधाच्या कॅनींमध्ये बसून माझी छाती भरली आहे. डॉक्टरांनी तसे सांगितलेले नाही. पण मी विचारले असते तर सांगितले असते.

बजरंग बरोबर असण्याचे कारण : सामान.

आणखी एक कारण आहे. ते बोटीवर त्याला सांगायचे आहे. सात वर्षे राहून गेले. इथे लिहीत नाही. या वहीत लिहिणारा आणि वाचणारा एकच, त्यामुळे दोघांनाही माहीत आहे.

आज नेहमीप्रमाणे नागफणीचा सुळका चढायला कुरवंड्याला गेलो. दर रविवारी जातो. सात वर्षांत नागफणी एकदाही चढून झालेली नाही, कारण बजरंगचे घर वाटेत लागते. तो आमच्याच स्टेशनवर पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा. त्याची आई सरुबाई जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि जेवण झाल्यावर चढू नये असे शास्त्र आहे.

आज सरुबाईने बातमी दिली. बजरंगसाठी मुलगी बघितली आहे, आंबी गावची. पौष लागायच्या आत त्याने हो-नाही सांगायचे, म्हणजे माघात बार उडवता येईल. बजरंग तेहतीस वर्षांचा झाला, आणखी किती थांबायचे, असे तिचे म्हणणे. बजरंग भाकरी मोडता मोडता थांबला, माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी काय म्हन्ता, महिपतराव?"

मी म्हणालो, आंबीला पाण्याची सोय चांगली आहे.

प्रसंगावधान राखले.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

बोट लागू नये म्हणून सराव सुरू. घरमालकीण बयाबाईंच्या झोपाळ्यावर रोज सकाळी अर्धा तास जोरजोरात झोके घ्यायचे. आज तिसरा दिवस. अकराव्या मिनिटाला उलटी. दोष कालच्या पावट्याच्या उसळीचा.

बयाबाईंनी बादली आणून दिली. म्हणाल्या, बरोबर बजरंग आहे ते बरं, तुम्हाला जपेल. मग पदर खोचत म्हणाल्या, "एकदाचं बोलून टाका हो." काय बोलून टाकू, असे विचारल्यावर म्हणाल्या, काही नाही, लिंबू चोखा.

साधी बाई. तिला कसलाही संशय नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज ट्रंक बुक करायला नंदाबाई आणि लीलाबाई आल्या. नंदाबाई दवाखान्यात नर्स, लीलाबाई मुलींच्या शाळेत शिक्षिका. बारा वर्षे एका घरात राहतात. दोघींत मिळून ट्रंक एकच. त्यावर नाव दोघींचे, मोठ्या अक्षरांत, ऑइलपेंटने! याला काय म्हणावे?

चौकशी केली तर याही त्याच बोटीने निघालेल्या. दर वर्षी जातात म्हणे. मी सहज विचारले की दोघींचे सामान वेगळे नाही का. नंदाबाई म्हणाल्या, "संसार आहे आमचा, महिपतराव. संसारात वेगळं कशाला?" इतक्या मोठ्याने की वजनकाट्यावरचा हमालसुद्धा वळला. वर विचारतात, "आणि तुम्ही दोघं?"

मी म्हणालो, आम्ही एकाच डिव्हिजनचे.

लीलाबाईंना हसून हसून उचकी लागली. मग त्यांनी फुकटचा सल्ला दिला : केबिन घेऊ नका. खालच्या डेकवर सतरंजी टाकावी, डबा उघडावा. तिथे शंभर माणसे एकमेकांना चिकटून झोपतात. कोण कुणाचं, हे कुणी विचारत नाही. केबिनवाल्यांना मात्र नाव, गाव, नातं सगळं विचारतात.

सल्ला ऐकून घेतला. पाळण्याचे कारण नाही. अशा उघड वागण्याने माणसाची किंमत राहत नाही. माझे बघा. सात वर्षांत स्टेशनात कुणाला वाससुद्धा लागू दिलेला नाही.

जाता जाता भाजीवाल्या चिमाबाईने विचारले, "आज तुमचा बजरंग दिसला न्हाई?" तुमचा, म्हणजे रेल्वेचा.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

बोटीवर ऐन वेळी शब्द अडू नयेत म्हणून बजरंगला सांगायच्या गोष्टीचा मसुदा केला.

"विषय : आपल्या पुढील राहण्याच्या व्यवस्थेबाबत. संदर्भ : गेली सात वर्षे. महोदय—"

महोदय खोडले. प्रिय लिहिले. प्रिय खोडले. नुसते बजरंग ठेवले. पुढे : "आंबी येथील प्रस्तावास आपण मान्यता देऊ नये अशी विनंती आहे. कारणे तोंडी सांगण्यात येतील."

भाषा नेमकी झाली आहे. दोन प्रती केल्या.

शनिवार, २३ नोव्हेंबर

मुंबईला जाऊन तिकिटे काढली. काम फत्ते.

एक किरकोळ तांत्रिक बाब. खिडकीवरच्या कारकुनाने विचारले, केबिनमध्ये दुसरं कोण? भाऊ? मी नाही म्हणालो. मग कोण? मागे रांग होती. एक टोपीवाले गृहस्थ कान देऊन उभे होते. कारकून पेन उचलून थांबलेला. मी म्हणालो, नोकर.

त्याने लगेच तसे तिकीट फाडले. साहेब केबिनमध्ये, नोकर खालच्या डेकवर. दुसरा बर्थ रिकामा राहील म्हणाला.

पण बोटीवर कोण बघायला बसले आहे? एकदा दार लावले की झाले. बजरंगला हे सांगण्याची गरज नाही. नियमांच्या गोष्टींचा त्याला कंटाळा येतो.

गुरुवार, ५ डिसेंबर

बांधाबांध झाली. लिंबे, ओव्याची पुडी, मसुद्याच्या दोन्ही प्रती.

बजरंग ड्यूटी संपवून आला होता. नवा शर्ट शिवला आहे, निळा. दाखवायला घालूनच आला. कसा दिसतो, असे विचारले. मी म्हणालो, कापड टिकाऊ वाटते. तो दारापर्यंत गेला, वळला. म्हणाला, "बोटीवर तुमच्याशी बोलायचंय." बहुधा रजेबाबत असावे.

शुक्रवार, ६ डिसेंबर, बोटीवर

सकाळी ९-४०. भाऊचा धक्का. गर्दी, कोंबड्या, पत्र्याच्या ट्रंका. नंदाबाई-लीलाबाई सतरंजी काखेत घेऊन खाली पळाल्या. माझी प्रकृती उत्तम. झोपाळ्याचा फायदा दिसतो.

सकाळी ११. सगळे लगेच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

केबिन झकास. बजरंग खालच्या बर्थवर बसून गादी दाबून बघत होता. लय झ्याक, म्हणाला. मग त्याने उठून दार लावले. म्हणाला, "महिपतराव, आंबीच्या पोरीला मी न्हाई म्हननार हाय. पर का न्हाई म्हनू, ते एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी खिशातून मसुदा काढला. चष्मा लावला. घसा साफ केला. इतक्यात दारावर थाप. तिकीट तपासनीस. तिकिटे बघून म्हणाला, नोकराने खाली जायचं, इथे बसायचं नाही.

बजरंग हसला. म्हणाला, "नोकर कोन?"

तपासनिसाने तिकीट त्याच्यापुढे धरले. बजरंग चौथीपर्यंत शिकलेला आहे. ते त्याने वाचले. मग माझ्याकडे बघितले. मी चष्मा पुसत होतो. समुद्रावर काचेला फार ओल येते.

तपासनीस पुढच्या केबिनकडे गेला. बजरंग तरी उभाच होता. बराच वेळ. मग वळकटी उचलली आणि म्हणाला, "साहेबांना काय लागलं तर हाक मारा." मला तो साहेब कधीच म्हणत नाही.

तपासनीस आगाऊ होता. तक्रार करणार आहे.

दुपारी ३. बोट लागली. बहुधा ओव्यामुळे. मसुद्याची एक प्रत खराब झाली. दुसरी शाबूत.

संध्याकाळी ६. जरा बरे वाटले म्हणून कठड्याशी गेलो. बोट रत्नागिरी सोडून पुढे निघालेली. खाली बघितले. सतरंजीच्या एका टोकाला नंदाबाई, त्यांच्या मांडीवर डोके ठेवून लीलाबाई पेपर वाचताहेत. शेजारी एक कुटुंब कांदा फोडून जेवते आहे. कुणी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. आणि बजरंग! नव्या निळ्या शर्टात मांडी घालून बसलेला, समोर एक खलाशी. नथू नाव, मालवणचा, हे मला त्यांच्या मोठ्या आवाजावरून कळले. तो दोराच्या गाठी शिकवत होता आणि बजरंगला एकही जमत नव्हती. प्रत्येक गाठ सुटली की दोघे हसत. बजरंगचे असे हसणे मी पूर्वी ऐकलेले नाही. बोटीच्या हेलकाव्यांनी आवाज वेगळा येत असावा.

नंदाबाईंनी वर बघून हात केला, या खाली. बजरंगनेही बघितले. बाजूला सरकून जागा केली.

मी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो. टोपीवाला कुणीतरी वर येत होता. तेच बुकिंगच्या रांगेतले गृहस्थ असावेत. नसतीलही. वाट देण्यासाठी मी मागे सरलो, आणि सरता सरता केबिनपर्यंत आलो. जिना फार अरुंद बांधला आहे.

शनिवार, ७ डिसेंबर, पणजी

धक्क्यावर उतरल्यावर बजरंगला तिकिटाचा नियम समजावून सांगितला. दोन-तीन कलमे तोंडपाठ होती. त्याने शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "तिकिटावर मला नोकर लिवलंत, त्याचं मला काय न्हाई. मानूस भितो. पर त्यो चेकर गेल्यावर दार लावून मला थांब म्हनायचं हुतं. मी उभा हुतो की तितं."

मी म्हणालो, नियमात तशी तरतूद नव्हती.

त्याने माझी बॅग लॉजपर्यंत आणून दिली. नंदाबाई शेजारून चालत होत्या, पण रस्ताभर एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांची तब्येत बरी नसावी.

दुसरी प्रत अजून खिशात आहे. योग्य वेळेची वाट बघतो आहे.

सोमवार, ९ डिसेंबर

गाडीने एकटा परत निघालो. बजरंगला मोठ्या मनाने बोटीने यायची परवानगी दिली. त्याने ती मागितली नव्हती. नथूची बोट उद्या परत मुंबईला निघते, तेव्हा तो त्याच बोटीने येणार म्हणाला. खालच्या डेकवरून.

बजरंग नथूला अरे-तुरे करतो. तीन दिवसांत! मला सात वर्षे तुमी म्हणतो आहे. रेल्वेत शिस्त आहे, ती बोटीवर नाही.

संकल्प : घरी पोचताच बजरंगला सगळे स्पष्ट सांगणे. मसुद्यात एक परिच्छेद वाढवला.

रविवार, २२ डिसेंबर

मसुदा घेऊन कुरवंड्याला गेलो. पौष लागला. बजरंग घरी नव्हता. सरुबाई जात्याशी बसली होती. म्हणाली, आंबीच्या पोरीला न्हाई म्हनून कळवलं.

फार आनंद झाला. म्हणजे मसुदा न वाचताच काम झाले! मी विचारले, त्याने कारण काय सांगितले?

सरुबाईने जाते थांबवले. म्हणाली, "समदं सांगितलं त्यानं. बोटीवरच्या त्या नथूचंबी सांगितलं. मी दोन दिस बोलले न्हाई त्याच्याशी. मंग म्हनलं, मन नसताना दुसऱ्याची पोर आनून तिचं वाटोळं कशाला करायचं?" मग माझ्याकडे बघत राहिली. "मला वाटलं हुतं, तुमी बोलाल कवातरी. मी वाट बगत हुते, भाऊ."

तिला काय म्हणायचे होते, नीट कळले नाही. जात्याची घरघर होती.

जेवायला थांबलो नाही. नागफणी चढलो. वर काही नाही. वारा आहे.

गुरुवार, १६ जानेवारी १९६९

मालवणहून पार्सल. बोटीने मुंबई, तिथून रेल्वेने. सुकी मासळी, एक पोते. वास! रजिस्टरला नोंद केली, बजरंगची सही घेतली. सोबत चिठ्ठी होती. त्याला मालवणी वाचता येईना, म्हणून मलाच वाचायला लावली. "तू गेल्यापासून बोटीर मन लागना नाय. परत कदी येतलंस?" शुद्धलेखन भयंकर.

बजरंग म्हणाला, उत्तर लिहून द्या, तुमचं अक्षर चांगलं हाय. माझी जेवणाची सुट्टी होती. नाही म्हणायला कारण सापडले नाही. तो स्टुलावर बसला, मी लिहायला घेतले.

मासळी पोचली. आईला आवडली. शिमग्याला रजा टाकतो, मालवणला उतरतो, तूही रजा घे आणि मला बोटीवरून किनाऱ्याला न्यायला पडाव घेऊन ये. मग तो थांबला. खिडकीबाहेर बघून म्हणाला, "लिवा : तुझ्यावाचून हितं करमत न्हाई."

मी पेन थांबवले. त्याने विचारले, जास्त झालं का? मी म्हणालो, नाही. बरोबर आहे. असेच लिहितात.

लिहिले. करमत न्हाई-चे करमत नाही केले.

एकदा वाचून दाखवा, म्हणाला. वाचले. शेवटचे वाक्य आले तेव्हा तो समोर, हातभर अंतरावर, माझ्या तोंडाकडे बघत होता. मी कागदाकडे बघून मोठ्याने म्हणालो, तुझ्यावाचून इथे करमत नाही.

"व्हय," बजरंग म्हणाला. "असंच."

घाटातून गाडी येत होती, तो पॉइंटवर गेला.

पाकीट मीच चिकटवले. पत्ता घातला. पाठवणाऱ्याच्या जागी चुकून माझे नाव पडले. ते खोडून बजरंगचे लिहिले.