लसीचा बर्फ

चांदा, ९ मे १९५६

राग उतरत नाही. आमच्या लस-पथकाच्या जीपचा नवा रेडिएटर कधीचा गोदामात पडून होता. साहेब म्हणायचे, "घाई काय? गळतं तिथं हळद टाका." हळदीनं गळती थांबते, पण आतल्या नळ्याही बुजतात, हे मी दोनदा सांगितलं होतं.

आज मूल गावाच्या वाटेवर, गाव दिसू लागलं आणि जीप उकळली. शेजारच्या टोल्यावर, त्या लहान वस्तीत, देवी निघाल्या आहेत, म्हणून लोकांना टोचण्यासाठी रांगेत बसवायला मी पायी पुढे गेले. परत येते तर लसीची पेटी रिकामी. सगळा बर्फ रेडिएटरमध्ये. लसीच्या बाटल्या तापल्या बॉनेटवर, धुतलेल्या टॉवेलवर ओळीनं मांडलेल्या!

"लस जशीच्या तशी आहे, बाई," ड्रायव्हर लक्ष्मणभाऊ म्हणाले. "फकत बरफ घेतला. इंजिन जाम झालं असतं तं साहेबानं मलेच धरलं असतं."

खाली पिवळं पाणी ठिबकत होतं. त्यांच्यावर काय चिडायचं? तापलेली लस निकामी; बायांना मी लेकरांसकट परत पाठवलं. "आता कधी येता, बाई?" त्या विचारत होत्या.

संध्याकाळी नवा रेडिएटर बसला. तासाभराचं काम! जुना काढताना जमिनीवर पुन्हा तेच पिवळं पाणी. वर पूजेचा नारळ फोडला. साहेब म्हणाले, "तीच लस टोचून टाकायची होती. लोकांना काय कळतं?"

"देवीला कळतं, साहेब."

मी रोगाबद्दल बोलत होते. त्यांनी चपापून हातातलं खोबरं कपाळाला लावलं आणि लसीसाठी नागपूरला तार करायला शिपाई पिटाळला.