मिंक ब्लँकेटमधली संगीन

पुणे, ११ जानेवारी १९९८

चि. सौ. अपर्णा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र, खजूर आणि मिहिकाचा फोटो, सगळं मिळालं. पोरगी तुझ्यावरच गेली आहे, नाकावर राग तस्साच! तुझ्या वहिनीची कंबर आता बरी आहे. निदान माझ्या छंदाला नावं ठेवण्याइतकी नक्कीच बरी. शोकेसमध्ये नातवंडांचे फोटो लावायचे सोडून जर्मन सैनिकांचे सुरे कसले मांडता, म्हणते. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाने दुसरं करायचं तरी काय? सतरा जमले आहेत. खंदकातला आहे, बुटात खोचायचा आहे, पॅराशूटवाल्यांचा आहे, तो तर नुसता उलटा धरला की पातं आपणहून बाहेर येतं. नाही ती फक्त दुसऱ्या महायुद्धातली संगीन, पात्यावर आणि म्यानावर एकच नंबर असलेली.

तुमच्या दुबईतल्या जुमेऱ्यातला एक म्हातारा जर्मन इंजिनिअर सामान विकून मायदेशी चालला आहे, असं तूच लिहिलंस. त्याच्याकडे अशीच संगीन आहे म्हणतेस, तर जाऊन बघ की गं! दोन्हीकडचा नंबर जुळला तरच घे. दादाची एवढी एक हौस पुरव.

प्रल्हादरावांना नमस्कार. माया आहेच, पत्रांत खंड नको.

तुझा
विजयदादा

*

अल मनखूल, दुबई, ६ फेब्रुवारी १९९८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घेतली बाबा तुझी संगीन! अडीचशे दिरहॅम, म्हणजे आपले सव्वीसशे रुपये, एका लोखंडाला. नंबर जुळतो, तीनदा वाचला. चांगली हातभर आहे, आणि वर गरुडाच्या पायात ते नाझी चिन्ह. टॅक्सीत ती मांडीवर घेऊन बसले तर एसीतही मला घाम फुटला.

यांना सांगितलेलं नाही. यांचा व्हिसा रिन्यूअलला गेलाय आणि कंपनीचा माणूस रोज नुसतं इन्शाल्ला म्हणतो. त्यात परवा बिल्डिंगमध्ये साध्या कपड्यांतले पोलीस आले, चौथ्या मजल्यावरच्या कुणाला तरी शोधत. आमचंही दार वाजवलं रे त्यांनी. संगीन तांदळाच्या पिंपात खुपसून ठेवली आहे. मिहिकाने पाहिलीच, तर मला म्हणे, मम्मा चिल, इट्स जस्ट अ नाइफ. जस्ट म्हणे!

मे महिन्यात आम्ही सुट्टीवर येऊ, तोवर कशी सांभाळू? फोनवर यातलं अक्षरही काढू नकोस. इथे फोन ऐकतात म्हणतात.

जीव असाच लाव, हौस मात्र आवर.

तुझी
अपर्णा

*

अल मनखूल, १९ फेब्रुवारी १९९८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुटले एकदाची! आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या रफिकची आई, शहरबानूखाला, आज पुण्याला निघाल्या. त्या तुमच्या कॅम्पातच राहतात. सून हाफिजाचं बाळंतपण मेअखेर आहे, तेव्हा परत येतील.

इथली रीत तुला ठाऊक आहे. कुणी गावी निघालं की त्याच्या बॅगेत आपलं दोन किलो घालायचंच. आणि नेणाऱ्याने आत काय आहे ते विचारायचं नाही, विचारलं की अविश्वास दाखवल्यासारखं होतं. मीसुद्धा किती जणांची पुडकी अशीच नेली आहेत. वहिनीसाठी जाड, मऊ मिंक ब्लँकेट घेतलं, घडीत संगीन ठेवली आणि वरून कव्हर शिवून टाकलं. खालांनी काहीच विचारलं नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ब्लँकेट सगळ्यात आधी बॅगेत ठेवलं.

घरी येऊन मी बाथरूममध्ये रडले. सुटल्याचं रडू असेल.

पोचल्याचं कळव आणि लोभात ठेव.

तुझी
अपर्णा

*

पुणे, २१ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. अपर्णास,
आशीर्वाद.

सहा तारखेचं पत्र आज मिळालं, म्हणून घाईने चार ओळी. संगीन कुणाच्याही हाती पाठवू नकोस! नऊ इंचांवरच्या पात्याला इथे शस्त्राचा कायदा लागतो. मला ठाऊक होतं, हौसेच्या भरात लिहायचं राहिलं. त्र्याण्णवच्या बॉम्बस्फोटांपासून मुंबईच्या विमानतळावर दुबईची बॅग दिसली की शिवण न् शिवण उसवून बघतात. त्या जर्मनाला परत दे, नाहीतर खाडीत टाक. खलास.

काळजीत असलेला,
विजयदादा

*

अल मनखूल, ५ मार्च १९९८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. उशीर झाला रे, उशीर झाला.

मी पकडले गेले असते तर बँकवाल्याची बहीण म्हणून कुणी दोन शब्द ऐकून तरी घेतले असते. पण दुबईहून एकटी आलेली, बुरख्यातली म्हातारी, आणि ब्लँकेटात संगीन? तिचं कोण ऐकणार? शिवत बसले होते तासभर, तेव्हा हे कसं डोक्यात आलं नाही माझ्या!

हाफिजा म्हणते, अम्मी सुखरूप पोचल्या, फक्त गुडघा दुखतोय. मग पंधरा दिवसांत ब्लँकेट तुझ्याकडे का आलं नाही? फोनवर मी विचारलं, तर तू नाही म्हणालास. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली की मी दाराकडे पाठ करून उभी राहते. घास उतरत नाही. हे विचारतात काय झालं, मी पित्त म्हणून सांगते, हाफिजालाही तेच.

कॅम्पात जाऊन त्यांना शोध. भीती वाटते, दादा. फार भीती वाटते.

तुझी
अपर्णा

*

पुणे, १४ मार्च १९९८

चि. सौ. अपर्णास,
आशीर्वाद.

मी शोधायला निघणार, तोच काल शहरबानूबाई स्वतः रिक्षा करून आल्या. ब्लँकेट घेऊन. कव्हर उसवलेलं होतं.

मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडली, संगीन जप्त झाली. दोन रात्री त्यांना कोठडीत ठेवलं. कुणी दिलं म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं, आणि या बाईने एकच सांगितलं, की माझंच आहे, भिंतीवर लावायला घेतलं. तुझं नाव काढलं नाही. का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, तिच्या नवऱ्याचा व्हिसा अडकलाय, पोरगी शिकतेय, माझं काय जायचंय? रफिकला गुडघ्याचं सांगितलंय. तुला कळवू नये म्हणून मला शपथ घातली. ती मी मोडतो आहे.

कारण त्यांचं काय जातंय ते ऐक: पासपोर्ट कोर्टात जमा आहे. खटला संपेपर्यंत त्या नातवंडाला बघायला येऊ शकत नाहीत. वकील म्हणतात, वस्तू दुसऱ्याची होती आणि नेणारीला ठाऊक नव्हतं, असं देणाऱ्याने लिहून दिलं तर पासपोर्ट सुटेल. मागवली मीच, असा माझा जबाब मी उद्या देतोय. पण तुझ्याशिवाय भागत नाही. दिलंस तर खटल्यात तुझं नाव येईल. लिही म्हणायला जीभ रेटत नाही, नको म्हणायला तोंड नाही.

शोकेस मी रिकामी केली.

तुझा अपराधी,
विजयदादा

*

अल मनखूल, २७ मार्च १९९८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

यांना सगळं सांगितलं. आधी खूप ओरडले. लिहून देऊ नकोस म्हणाले, नोकरी जाईल, मुंबईला उतरशील तशी तुला धरतील. मग बऱ्याच वेळाने उठून चपला घालत म्हणाले, यल्ला, चल खाली.

रफिक ऐकून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हाफिजा पोटावर हात ठेवून बसली होती. ती एवढंच म्हणाली, की अम्मी फोनवर दर वेळी तुमच्या पित्ताची चौकशी करतात. मला तिथे उभं राहवेना, दादा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोबत कागद पाठवते आहे. ब्लँकेट मी घेतलं, संगीन मी ठेवली, कव्हर मी शिवलं, आणि शहरबानूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, असं सगळं लिहिलं आहे. हे मुंबईला जाणाऱ्या कुणाच्या हाती दिलेलं नाही, पोस्टाने रजिस्टर केलंय. मेची तिकिटं आम्ही रद्द केलेली नाहीत. धरतील तर धरतील, असं लिहिते खरं, पण रात्री झोप नाही.

सही पासपोर्टावरच्यासारखी आली नाही. वकिलांना चालेल का, विचार. चालत नसेल तर लगेच कळव, मी पुन्हा करीन.

तुझी
अपर्णा